गाडीची सावली

परवा रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच, रिडेव्हलपमेंट. सध्या मुलुंडात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. कुणाला किती जादा कार्पेट मिळालं, कुणाचं भाडं वेळेवर येतं, कुणाचं थकलंय. आमच्या सभेला बिल्डरकडची दोन मुलं आली होती, टाय-बिय लावून. त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला. मी चष्मा सावरून पहिल्या रांगेत बसले होते. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "आपलं झाड कुठे आहे यात?"

त्या मुलाने नकाशावरचं एक हिरवं टिंब दाखवलं. टिंबावर फुली होती. "मॅडम, इथून गाड्यांचा रॅम्प वर जातो. शिवाय फायर ब्रिगेडच्या गाडीला वळायला जागा सोडावी लागते."

मी म्हटलं, "पण झाड ठेवलं तर..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आमचा सेक्रेटरी उठला. हा माझाच विद्यार्थी, बरं का. आठवीत माझ्या वर्गात होता. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, २००९ साली तुम्हीच सांगितलं होतं ना, झाड ठेवा, गाड्यांना सावली मिळते. आता गाड्या पोडियमच्या आत जाणार. प्रत्येक फ्लॅटला एक जागा. उन्हाचा प्रश्नच राहिला नाही."

कुणी हसलं नाही. तो चेष्टाही करत नव्हता. वर्गात एखाद्याने बरोबर उत्तर दिलं की आपण म्हणतो, "शाब्बास, बस खाली." इथे मीच खाली बसले.

घरी आल्यावर चहा केला, तो तसाच गार झाला. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. म्हणून आज लिहायला बसले.

आधी झाडाबद्दल सांगते. हे पर्जन्यवृक्षाचं झाड, ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात ते. आम्ही इथे राहायला आलो १९७९ साली. त्याच पावसाळ्यात पहिल्या मजल्यावरच्या पोस्टातल्या काकांनी वनमहोत्सवात मिळालेलं रोप आणून कुंपणाजवळ लावलं. काका गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. झाड मात्र चौथ्या मजल्याच्या वर गेलं. उन्हाळ्यात त्याला गुलाबी पावडर-पफसारखी फुलं येतात. संध्याकाळ झाली की पानं मिटतात. आभाळ दाटून आलं तरी मिटतात. हे झाड मूळचं आपल्याकडचं नाही, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. पण आमच्या सोसायटीत तरी मूळचं इथलं कोण आहे? आम्ही रत्नागिरीचे, समोरचे कच्छचे, वरचे पालघाटचे.

२००९ साली हे झाड तोडायचा अर्ज करावा असा ठराव आला होता. तक्रारी खऱ्याच होत्या. चिकट शेंगा पडतात, गाड्यांवर पक्षी घाण करतात, गटारात पाला अडकतो. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. अंगात शिकवण्याची सवय. मी उभी राहून दहा मिनिटं बोलले. पुढची पिढी, पाखरांचं घरटं, संतांची शिकवण, काही म्हणता काही सोडलं नाही. तीस-पस्तीस वर्षं मुलांकडून 'झाडाचे मनोगत' लिहून घेतलेलं, तेच मनोगत मी म्हणून दाखवलं म्हणा ना. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ठराव मंजूर केला!

मी रडकुंडीला आले होते. तेव्हा माझे धाकटे दीर, आयुष्यभर बँकेत नोकरी केलेले, मला म्हणाले, "वहिनी, लोकांना झाडाचं सांगू नका. लोकांना लोकांचं सांगा."

मग मी तेच केलं. मे महिन्यातल्या दुपारी एका मुलाला हाताशी धरून दोन गाड्यांत थर्मामीटर ठेवले. एक गाडी झाडाखाली, दुसरी उन्हात. आकडे फळ्यावर लिहिले. झाड तोडायला महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती मागवतात, अनामत भरावी लागते, बदली झाडं लावावी लागतात, हे सगळं कागदावर मांडलं. फांद्या छाटायचा खर्च त्यापेक्षा कसा कमी येतो तेही दाखवलं. पाखरांचा 'प' सुद्धा काढला नाही. पुढच्या सभेत ठराव मागे घेतला गेला. मी जिंकले. दिरांनी पेढे आणले.

तेव्हापासून मी स्वतःला व्यवहारी बाई समजू लागले.

आणि पुढे जे जे पाहिलं त्याने माझी खात्री पटतच गेली. आमच्या मागचा डोंगर म्हणजे बोरीवलीचं राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. इकडे मुलुंड-भांडुप, पलीकडे बोरीवली, वर ठाणे. इतक्या दाटीच्या वस्तीला लागून बिबट्याचं जंगल. २००४ चा जून महिना इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्या एका महिन्यात दहाच्या आसपास माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. संध्याकाळी सातनंतर आम्ही मुलांना खाली सोडत नव्हतो. बिबटे पकडा आणि लांब सोडा, अशी सगळ्यांची मागणी. तेव्हा कुणी "बिबट्यावर प्रेम करा, जंगल त्याचं आहे" असं म्हटलं असतं तर त्याला लोकांनी पिंजऱ्यात घातलं असतं.

पुढे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्नर भागातलं काम मांडलं. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडले की सोडलेल्या जागांजवळ हल्ले वाढतात, असं त्यात दिसलं. २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासकांना आणि नागरिकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यांचं सांगणं ऐकून मला माझे दीरच आठवले. कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. रात्री लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, त्याला वाट द्या. पिंजऱ्याचा आग्रह धरू नका, तुमचाच धोका वाढेल. म्हणजे बिबट्याचं न सांगता लोकांचंच सांगितलं. हल्ले खूप कमी झाले. २०१५ च्या कॅमेऱ्यांच्या मोजणीत ३५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे बिबटे कुठे गेले नव्हते. अगदी सगळं मिटलं असंही नाही. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये दीड वर्षाचीही नसलेली एक मुलगी गेली. त्या आईसमोर उभं राहून कुठलाच आदर्शवाद बोलता येणार नाही, हे मला मान्य आहे.

दुसरं उदाहरण वेळासचं. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं म्हणून आम्ही इतिहासात शिकवायचो. तिथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं वाळूत अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी काढून नेली जायची, खाल्ली आणि विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ पासून ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायची, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पण गावाला त्यात काय मिळणार? म्हणून २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच राहतात, तिथेच जेवतात. घरोघरी चार पैसे येऊ लागले.

मी लेकीबरोबर गेले होते. जिथे उतरलो त्या घरच्या वहिनी मोदक वाढताना म्हणाल्या, "कासवं आली म्हणून तुम्ही आलात, नाहीतर आमच्याकडे कोण येतंय?" मी परत आल्यावर भेटेल त्याला सांगत सुटले की बघा, निसर्ग वाचवायचा असेल तर असा वाचवायचा. खिशातून!

आणि परवा रविवारी माझ्याच सावलीचा मुद्दा माझ्याच विद्यार्थ्याने मला परत केला.

चूक कुठे झाली? दोन दिवस मी याचाच विचार केला. भाच्याशी फोनवर बोलताना त्याने एक गोष्ट सांगितली. इस्रायलमध्ये हैफा नावाचं शहर आहे. तिथल्या दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला, त्यावरचा लेख २००० साली प्रसिद्ध झाला. आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे. म्हणून त्यातल्या सहा पाळणाघरांनी उशिराबद्दल दंड लावला. व्हायला काय हवं होतं? उशीर कमी व्हायला हवा होता. झालं उलटंच, उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवायची लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं! पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. गेलेली लाज परत आली नाही.

मी शिक्षिका, मला हे लगेच पटलं. अभ्यासाला बक्षीस लावलं की मूल विचारतं, "हे परीक्षेला आहे का?" नसेल तर पुस्तक बंद.

आमच्या झाडाचं तेच झालं. सोळा-सतरा वर्षं ते सावलीच्या बदल्यात उभं होतं. जणू भाडेकरूच. सावलीची गरज संपली, करार संपला.

पण मग वेळासचं काय? तिथेही करारच होता ना? इथे मला एक गोष्ट आठवली. २०२० साली टाळेबंदी आली, पाहुणे बंद झाले, मोदकही बंद झाले. तरीही किनाऱ्यावर घरटी राखायचं काम थांबलं नाही. म्हणजे पैशाने दार उघडलं असेल, पण इतक्या वर्षांत त्या दारातून आणखी काहीतरी आत आलेलं होतं. रोज सकाळी उठून पिल्लं समुद्राकडे जाताना बघायची, ती बोटभर पिल्लं लाटेने उलटतात, पुन्हा सरळ होतात, पुन्हा जातात. हे बघत मोठी झालेली गावातली मुलं आहेत. फायदा सांगितला, पण फायद्याच्या मागे कासव लपवलं नाही. ते रोज सगळ्यांच्या समोर होतं.

मी मात्र झाड लपवलं. फळ्यावर आकडे लिहिले आणि गप्प बसले. ठराव मागे घेतल्यावर सोसायटीतल्या एका तरी पोराला संध्याकाळी खाली नेऊन मिटणारी पानं दाखवली का? नाही. भाबडी म्हणतील याची भीती होती. एकदा टाळ्या वाजवून हरवलं होतं ना लोकांनी!

दुसऱ्या बाजूने आरेचा विचार करते. २०१९ च्या ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने थांबा म्हटलं, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. त्या रात्री तिथे जी पोरं धावत गेली, त्यांतल्या २९ जणांना अटक झाली. त्यांच्याकडे फायद्याचा कुठला मुद्दा होता? व्यवहार सगळा समोरच्या बाजूला होता. मेट्रो आली की गाड्या कमी होतील, धूर कमी होईल, लोकलची गर्दी कमी होईल. हे सगळं खोटंही नाही. आरे ते बीकेसी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. मीही तिच्यातून गेले, गारेगार वाटलं, खोटं कशाला बोलू? पण झाडांच्या बाजूने बोलायला त्या रात्री फक्त भाबडेच होते. व्यवहारी माणसं, म्हणजे माझ्यासारखी, घरी टीव्ही बघत होती. फायद्याच्या तराजूत एका पारड्यात मेट्रो टाकली की दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं हेच आम्हाला सुचत नव्हतं. जी गोष्ट फक्त उपयोगासाठी राखली, ती जास्त उपयोगाचं काही समोर आलं की जाणारच.

आरेमध्ये आणि उद्यानात वारली पाडे आहेत. त्यांचा देव वाघोबा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, त्याची पूजा करतात. तो रक्षणही करतो आणि कोपतोही. आम्ही पुस्तकातून 'प्राणिमात्रांवर दया करा' शिकवलं, ते यापेक्षा फार वेगळं होतं. यात दया नाही. भीती आहे, मान आहे आणि आपणही त्याच रानात राहतो ही जाणीव आहे. त्यांना विचारलं की हा आदर्शवाद की व्यवहार, तर ते आपल्या तोंडाकडे बघतील. ही वाटणी आपण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी केलेली.

आता माझंही सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की म्हातारी रिडेव्हलपमेंटच्या आड येतेय. आमची बिल्डिंग गळते. मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. भाजी आणायला खाली उतरायचं म्हणजे दिवसातून एकदाच. मलाही लिफ्ट हवी आहे. चौथ्या मजल्यावरच्या आजींना तर दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून चार जणांनी उतरवावं लागतं. झाडासाठी बिल्डिंगच होऊ देऊ नका, असं मी म्हणूच शकत नाही.

मग मी सोमवारी रात्री बसून सेक्रेटरीला पत्र लिहिलं. दोन पानं.

पहिलं पान व्यवहाराचं. २०२१ साली झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आहे. झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. आपलं झाड १९७९ चं, तेव्हा हिशेब करावा. पन्नास वर्षांवरच्या झाडाला आता 'प्राचीन वृक्ष' धरतात आणि आपल्या झाडाला त्या मानाला तीन-चार पावसाळेच कमी आहेत. (आम्हा ज्येष्ठ नागरिकांनाही साठीची वाट पाहावी लागली होती!) रॅम्प पूर्वेऐवजी पश्चिमेच्या बाजूने घेता येईल का, फायर ब्रिगेडची गाडी त्या बाजूने वळेल का, हे आर्किटेक्टला लेखी विचारावं. उत्तर 'नाही' आलं तर कारण नकाशावर दाखवावं.

दुसऱ्या पानावर काय लिहावं ते सुचेना. जुनं मनोगत तर लिहायचं नव्हतं. शेवटी साधंच लिहिलं. लिहिलं की २००९ साली मी तुम्हा सगळ्यांना अर्धंच खरं सांगितलं. गाड्यांना सावली मिळते हे खरं होतं, पण मला झाड हवं होतं ते त्यासाठी नव्हे. माझ्याकडे तर गाडीच नाही. हे झाड आपल्याबरोबर त्याच पावसाळ्यात इथे राहायला आलं. आपण सगळ्यांनी इथे पोरं वाढवली, तशी त्याने घारींची वाढवली. शेअर सर्टिफिकेट नसलेला तो आपला सभासद आहे. त्याचा आपल्याला काही उपयोग नसता तरी तो इथे असावा असं मला वाटलं असतं. हे त्या वेळी बोलायची मला लाज वाटली. आता शहात्तराव्या वर्षी कसली लाज?

पत्र दिलं. बुधवारी जिन्यात तो भेटला. म्हणाला, "बाई, पहिलं पान आर्किटेक्टला पाठवलंय."

मी म्हटलं, "आणि दुसरं?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "ते मी सभेत वाचून दाखवू का? तुम्ही वाचलंत तर लोक टाळ्या वाजवतील."

मला हसूच आलं. आठवीत याचे निबंध मी लाल शाईने भरून टाकायचे, 'विचार पाठ केलेले वाटतात' म्हणून शेरा द्यायचे. तो शेरा खरं तर माझ्याच वहीवर हवा होता. मी म्हटलं, "वाच बाबा. पण दोन्ही पानं वाच. आधी पहिलं, मग दुसरं."

त्याच संध्याकाळी खालची दोन लहान मुलं झाडाजवळ खेळत होती. गुडघ्यांची कुरकुर न ऐकता मी दुसऱ्यांदा खाली उतरले. त्यांना म्हटलं, "थांबा जरा, गंमत दाखवते." साडेसहा वाजून गेले होते. एक खाली आलेली डहाळी धरून उभे राहिलो. एका मुलीने विचारलं, "आजी, हे झोपतं कशाला?" मी सांगितलं ते तिला कितपत कळलं कोण जाणे, पण गुरुवारी ती आपणहून आणखी तिघांना घेऊन आली होती.

असो. सभा पुढच्या महिन्यात आहे. झाड राहील की जाईल, सांगता येत नाही. काय होतं ते कळवीनच.